डावरीच्या फुल्या

हॅलो?… हो आई, बोल. … जेवले गं. … कोण आलंय? सर? … आणि त्यांना सोफ्यावर बसवून मला फोन लावलास! बरं, स्पीकरवर टाक. दोघंही जरा जवळ सरका, एक गोष्ट सांगते.

नमस्कार सर. … हो, निरोप मिळाला. एक तारखेपासून तुमच्या हाताखाली बॅडमिंटनची प्रशिक्षक. उत्तर आजच हवंय. तर उत्तर 'नाही'. … अगं आई, ऐक ना! … हो, इथं विद्यापीठात, मेंदूविज्ञानाच्या वर्गात सगळ्यांत थोराड मीच. बत्तीस वर्षांची घोडी म्हणतात, म्हणू देत.

… नाही हो सर, उंदीर नाही कापत. मेंदू हालचाल कशी शिकतो, ते बघते. लोकांच्या मनगटाला सेन्सर चिकटवून बॅडमिंटनच खेळवते. … ऐका तर! एका गटाला एकच सर्व्हिस शंभरदा, तुम्ही करून घ्यायचात तशी. दुसऱ्याला सगळ्या मिसळून. त्या दिवशी पहिला गट फक्कड, दुसऱ्याचं नुसतं हसं. आठवड्यानं पुन्हा बोलावलं… तर सगळं उलटं! मिसळून शिकलेल्यांच्या हातात राहिलं, बाकीच्यांच्या हातून गेलं. … योगायोग? तीनदा करून बघितलं, सर.

म्हणून विचारते, डावरी आठवते? दुहेरीतली माझी जोडीदार. … कोण डावरी? … अहो, आठ वर्षं तुमच्या कोर्टवर घाम गाळला तिनं! दर फटका वेगळा मारून बघायची, सरावात चुकायची. तुम्ही वहीत फुल्या मारायचात. संघात एकच जागा उरली, तेव्हा ती वही दाखवून काढलंत तिला. सामन्यात कधी चुकली होती का हो? … आणि मी गप्प. जागा मला मिळाली होती ना! देव बघत होता आणि मी बुटांकडे बघत होते.

… सूड कसला? तुमच्याकडे आले तर तीच वही माझ्या हातात येईल. नको मला. … पस्तावेन? पस्तावेन. माझी मी.

… हॅलो? … उठून अंगणात गेले का सर? … आई, तुला तरी आठवते का ती? … हो, तीच! केसांना बुटाची नाडी बांधायची. बघ, तुला आठवलं! … चहा झालाय ना? मग कप हातात देताना एवढंच सांग त्यांना… मला विसरलात तरी चालेल, डावरीला आठवा. … हो. ठेवते.