घासून काढलेलं नाव

भांड्यावर नावं टाकायचं काम केलं मी सारी जिंदगी, ते पहिले लिहा भाऊ, बाकीचं मंग. आमचा आजा नागपुराकडून आला रायपूरले, काहून आला ते कोणी सांगितलं नाही अन् मीबी विचारलं नाही. माहा जन्म पुरानी बस्तीतला. शाळा चौथीपर्यंत, तेबी धड नाही, पण अक्षर असं का मास्तर म्हणे हा पोट्टा वाचत काही नाही पण लिहिते छापल्यावाणी. मंग बापानं तात्यापाऱ्यात, पारा म्हणजे आमच्याकडे मोहल्ला, एका भांड्याच्या दुकानात बसवून देल्लं. गिऱ्हाईक भांडं घेई अन् मी पायरीवर बसून छन्नी-हातोडीनं टिकटिक टिकटिक टिंबं मारून त्याच्यावर नाव टाकी. लग्नाचा सीजन असला का हात सुजे.

कोणतं नाव कवा चालते अन् कवा पडते हे मले सगळ्याच्या आधी समजे, काय सांगू तुम्हाले. आधी पार्वती, द्वारका, अनसूया. मंग आशा अन् शोभा अन् उषा, एका एका दिवसात सात सात उषा. मंग पिंकी अन् डॉली. आता तं पोरींचे नावं असे निघाले का लिहिणाऱ्याचा हात अडखळते, अन् आता नाव टाकतेच कोण, मशीन आली, मंग मशीनबी गेली. लोक डब्बा पॅक करून देतात, वर कागद चिकटवतात. कागद निघाला का भांडं कोणाचंच नाही.

तं माह्या बायकोचं नाव होतं बिसाहिन.

तुम्ही म्हणसान मराठी माणसाच्या घरात हे काय नाव. ते रायपूरजवळच्या अभनपूरकडचं नाव हाय. तिचा बाप तथी मंडीत धान तोलायच्या कामाले होता. तिच्या आधी तीन लेकरं झाली, तिन्ही गेली, कोणी सहा दिवसांचं, कोणी सहा महिन्यांचं. ही झाली तं गावची दाई म्हणे, हिले तुझ्याजवळ ठेवू नको, मले विकून टाक. तिकडे तशी रीत होती. लेकरू सुपात घालून दाईच्या ओटीत द्यायचं, आता हे आपलं नाही असं सगळ्यांच्या समोर म्हणायचं, अन् मंग सूपभर कोदोचं धान्य देऊन तेच लेकरू तिच्यापासून विकत घ्यायचं. म्हणजे वरच्याले वाटते हे दुसऱ्याचं हाय, तो हात लावत नाही. छत्तीसगढीत बिसाना म्हणजे विकत घेणं, म्हणून पोरगा असला का बिसाहू अन् पोट्टी असली का बिसाहिन. त्या काळी तिकडे दर पाऱ्यात एक तरी बिसाहिन निघे. ही जगली. तिची माय म्हणे पोरगी नावावर जगली, दुधावर नाही.

लग्न ठरलं तं तिची माय आमच्याच दुकानात आली भांडे घ्यायले, जावई जथी बसते तथूनच घेतो म्हणे. पितळेचा एक तांब्या घेतला, चांगला पोटाचा, अन् माह्यासमोर ठेवला. जावईबापू, याच्यावर पोरीचं नाव टाका, अन् खोल मारा, मिटलं नाही पायजे. मी मारलं. चांगलं खोल मारलं, दाबून दाबून, बि सा हि न, चारही अक्षरं एका ओळीत. बाईनं बोट फिरवून पाहिलं अन् डोळे पुसले. मी मनात म्हणलं, रडाले काय झालं, नाव तं टाकलं.

मंग लग्नाच्या दिवशी तुम्हाले माहीत हाय, ताटात तांदूळ पसरतात अन् नवरा अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहिते. माह्या मायनं आधीच ठरवून ठेवलं होतं, सुलभा. माय म्हणे हे बिसाहिन-फिसाहिन माह्या घरात चालणार नाही, भांडे घासणाऱ्या कामवालीचं नाव हाय ते, पाऱ्यातल्या बाया हासतीन. तवा सासू पुढे आली, भरल्या मांडवात हात जोडले, म्हणे इहीणबाई, बाकी काही करा पण नाव नका बदलू, नावानंच राहिली हो ती. मायनं माह्याकडे पाहिलं. हिनंबी पाहिलं, मान खाली होती तरी पाहिलं, मले दिसलं. अन् मी काय केलं, मी अंगठी घेतली अन् लिहिलं. सुलभा. अक्षर असं सुंदर आलं का लोकं म्हणाले वा, पोराचा हात पहा. हात पहा म्हणे.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. चौथ्या दिवशी माय म्हणे, त्या तांब्यावरचं घासून आण, पाणी द्यावं तं पाहुणे वाचतात. मी दुकानात नेला. कानस लावली, पॉलिश पेपर लावला, अर्धा दिवस घासला. खोल मारलं होतं नं, माह्याच हातानं, तं निघता निघेना. शेवटी निघालं. घरी आणला, तिच्या हातात देल्ला. तिनं त्या जागेवर आंगठा फिरवला. मंग सारी जिंदगी पाणी घेताना आंगठा तथीच. मी पाहून न पाहिल्यासारखं करी.

आमची पहिली पोरगी दीड वर्षाची झाली अन् तापानं गेली. त्या दिवशी ती एकडाव बोलली, फक्त एकडाव. म्हणे, मले विकत घेतलं होतं, तुम्ही ते मिटवलं, मंग वरच्यानं काहीतरी नेलंच नं. मी असं मानत नाही भाऊ. ताप होता, डॉक्टरले दाखवाले उशीर झाला, तेबी माहंच चुकलं. पण हे बोलणं कानातून जात नाही, आजबी नाही.

अन् मी तिले कधी सुलभाबी म्हणलं नाही. आमच्यात बायकोचं नाव घेत नसत. अवो, ऐकतं का, पोरगा झाल्यावर सुधीरची माय, बस. म्हणजे पहा, एक नाव काढून घेतलं, दुसरं लिहून देल्लं, अन् हाक दोन्हीतल्या एकानंही मारली नाही.

चार महिने झाले ती गेली. दवाखान्यात होती. नर्स येऊन म्हणे सुलभा, सुलभा, डोळे उघडा, तं ती हलेना. मले इशारा केला, मी कान जवळ नेला. म्हणे, एकडाव माह्या नावानं हाक मारा. माह्या नावानं. मले समजलं कोणतं ते. पण सून होती उभी, सुधीर होता, नर्स होती, अन् मले लाज वाटली. लाज! पंचाहत्तरच्या वर वय झालं माहं, अन् मले लाज वाटली. मी म्हणलं घरी गेल्यावर मारतो. घरी ती आलीच नाही तशी.

फोटो बनवून आणला सुधीरनं, खाली स्वर्गीय श्रीमती सुलभा. मी म्हणलं, बेटा, खाली बिसाहिन लिही, तुह्या मायचं खरं नाव ते हाय. तो मराठी समजते सगळी, बोलते हिंदीत. म्हणे, बाबा, आधार में सुलभा है, लोग क्या समझेंगे. माह्या मायचंच बोलणं, फक्त भाषा बदलली.

अन् नात काय म्हणे माहीत हाय? कालेजात हाय ती, कापडाच्या बॅगा शिवून मोबाईलवर विकते. म्हणे, दादाजी, ये तो कितना यूनिक नाम है, मैं अपने ब्रांड का यही नाम रखूंगी, आजकल ऐसे देसी नाम ही चलते हैं. मी म्हणलं, पोरी, यूनिक नव्हतं ते, दर पाऱ्यात होतं. आमच्यासारख्यांनी घासलं म्हणून यूनिक झालं. तं हासली. म्हणे आप भी ना.

तांब्या सुनेनं गॅलरीत नेऊन ठेवला होता, मनीप्लांट लावते म्हणे. मी उचलून आणला. विचार केला, जे काढलं ते मीच परत टाकीन, हाक तं राहिली पण एवढं तरी. जुनी छन्नी काढली, दबू नये म्हणून तांब्यात रेती भरली, मांडीत धरला, त्याच जागेवर. पहिलं अक्षर बरं आलं. बि. मंग सा. मंग हि ले घेतलं, अन् दोन टिंबं मारली नाही तं छन्नी फचकन आत गेली. आरपार. पत्रा राहिलाच कुठं होता तथी, मीच घासून कागदावाणी केला होता. रेती सांडाले लागली मांडीवर.

सुधीर म्हणे भोक झाळून आणतो, मी म्हणलं राहू दे. आता खाटेजवळ असते. रोज सकाळी भरतो. पाणी चढते, चढते, नावापर्यंत येते अन् तथून बाहेर पडते, वर जात नाही. फरशी ओली होते, सून पुसते, तोंड करते, करू दे.

तुमच्या घरी सून आली तं तिचं नाव तिले राहू द्या, एवढंच सांगतो, बाकी देव तुमचं भलं करो.

मी आता रोज हाक मारतो. तांब्या भरताना, मोठ्यानं, बिसाहिन, अवो बिसाहिन. आता लाज नाही वाटत. सून किचनमधून विचारते, पापाजी, किसको बुला रहे हो, कामवाली तो चली गई.

मी म्हणतो हव, गेली.