कुंडापाशी सांगायचं नाव

हिल्ड : बाबा, किल्ल्याच्या टेकाडाची माती तुम्ही वाहिलीत, हे खरं का? विहिरीवर सगळ्या म्हणाल्या, हिल्डची विचारायची छातीच नाही. म्हटलं, बघाच! आज विचारतेच!

बाबा : कंगव्याचे दात कापतोय मी. करवत घसरेल.

हिल्ड : म्हणजे खरं.

आई : हिल्ड, बाळ आत्ता कुठे झोपलंय. हळू बोल.

हिल्ड : सांगा ना, बाबा! खोटं असेल तर उद्या एकेकीची वेणी ओढते.

बाबा : नको ओढूस. वाहिली मी.

हिल्ड : त्या नॉर्मन राजासाठी? त्याचाच किल्ला पाडायला तुम्ही पहिले धावला होतात, असं यॉर्कभर सांगतात!

बाबा : तेही खरंच आहे. सप्टेंबरात पाडला, नाताळात पुन्हा बांधला. तोच किल्ला, तेच हात.

हिल्ड : पण तो जिंकलाच कसा? आपला राजा होता की!

बाबा : म्हातारा राजा निपुत्रिक गेला, आणि गादीवर तिघांनी हक्क सांगितला. आपल्या हॅरल्डने मुकुट घातला. तेवढ्यात नॉर्वेचा राजा इथे उत्तरेत उतरला. हॅरल्ड धावत आला, पुलापाशी त्यांना कापून काढलं. जखमा बांधतोय तोच बातमी आली, दक्षिणेला समुद्रापलीकडून हा नॉर्मन विल्यम उतरलाय. तीच दमलेली माणसं पुन्हा उलट्या पावली पळाली.

हिल्ड : दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

बाबा : एका दिवसात जिंकला तो. पण टिकला त्या दिवसामुळे नाही. आम्ही उठलो, तर त्याने गोठे जाळले, बियाणं जाळलं, नांगरसुद्धा सोडले नाहीत. पोटात काही नसलं की माणूस बंड विसरतो, पोरी. किल्ल्यावर माती वाहणाऱ्याला भाकर मिळायची.

हिल्ड : म्हणून गेलात?

आई : मी पाठवलं. तू चार वर्षांची होतीस. तुझा दादा उल्फ नऊचा, तापाने फणफणलेला. यांना म्हटलं, जा, लाज मग बघू.

हिल्ड : मला वाटायचं दादा नदीत...

आई : आम्हीच तसं सांगितलं तुला.

बाबा : टेकाड ठरल्या उंचीला जाईपर्यंत कुणाला सोडत नव्हते. तीन दिवस. शेजारच्या म्हाताऱ्याने खालून ओरडून सांगितलं, ऑर्म, पोरगं तुझं नाव घेतंय. मी मातीची पाटी टाकली. मुकादमाने भाला आडवा धरला. मी पाटी उचलली.

हिल्ड : बाबा...

बाबा : भाकर सदऱ्यात घेऊन आलो, तोवर तो गेला होता. ती तू खाल्लीस.

(बाबा पुन्हा करवत चालवू लागतात.)

हिल्ड : मग उद्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी बाळाचं नाव उल्फच! आपल्यात गेलेल्याचं नाव नव्या बाळाला देतात, म्हणजे तो घरी येतो. धर्ममाता मी आहे. पाद्री मलाच विचारणार. आणि तुम्ही म्हणताय विल्यम! लाज नाही वाटत?

बाबा : मी नाही म्हणत.

आई : मी म्हणते.

हिल्ड : आई, तू?

आई : किल्ल्यावर कामाला माणसं निवडतात, तेव्हा विल्यम, रॉबर्ट अशा त्यांच्या नावांचे बाजूला उभे राहतात. उल्फ, ऑर्म खंदकात उतरतात. गेल्या थंडीत खंदक कोसळला, तेव्हा आत कोण होतं? सांग नावं.

हिल्ड : ...थोरकेल. गामेल.

आई : एक पोरगा मी त्या टेकाडाला दिला. दुसरा त्या मेल्या राजाच्या नावामागे लपून जगणार असेल, तर लपू दे.

हिल्ड : आणि दादा? तो कुठे येणार मग? बाबा, बोला की काहीतरी!

बाबा : मी त्या दिवशी पाटी उचलली, हिल्ड. मला विचारू नकोस.

आई : रडू नकोस गं. बाळ उठेल.

हिल्ड : रडत नाहीये. ऐका दोघंही, माझं ठरलंय. उद्या पाद्रीने विचारलं की मी विल्यम म्हणणार. ठणठणीत म्हणणार, त्या परदेशी पाद्रीला एकदाच ऐकून कळेल असं. उल्फ मी माझ्याकडे ठेवते. माझं लग्न होईल, मुलगा होईल, तेव्हा त्याला देईन. तोवर तुम्ही दोघांनी जगायचं. त्याला हाक मारायला त्याला ओळखणारं कुणीतरी हवं.