सांध्यावरचा चेहरा

ब्रुकलिनच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या लायमनला शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी लढाईच्या काळातल्या साप्ताहिकाचं पिवळं पडलेलं, लढाईचं चित्र असलेलं पान दाखवलं.

“हा कुंपणापाशी उभा आहे ना, तो माझा मुलगा, ओरिन. परत आलाच नाही.”

“अरेच्चा! हे तर आमच्याच हातचं काम!”

“तुमच्या? मग सांगा, तोंडावर ही पांढरी रेघ कसली? वार झाला होता?”

“छे हो, तो सांधा. चित्र लाकडावर कोरून छापायचे तेव्हा. एका चित्राचे ठोकळे आम्हा कोरणाऱ्यांत वाटून द्यायचे, कोरून झाले की जोडायचे. हा डावा गाल माझा, उजवा माझ्या शेजारी बसून कोरणाऱ्या गुस्ताव्हचा. काय दिवस होते! आता फोटो छापून मोकळे होतात.”

“म्हणजे ओरिन कसा दिसत होता, ते तुम्हाला ठाऊक होतं?”

“कुठलं हो! चित्रकार रणांगणावरून घाईघाईत चित्र पाठवायचा. तोंडाच्या जागी नुसते गोल. चेहरे आम्हीच...”

“बाकीच्यांचे असतील गोल. ओरिनचं तसं नव्हतं ना?”

बोटीचा भोंगा वाजला. लायमन उठला नाही.

“नाही. त्याचं तोंड नीट काढलेलं होतं.”

“हसत होता का हो?”

“माझ्या वाटणीच्या गालावर तरी हसू होतं, बाई.”