बेरियमचा पेला

एक्स-रेवाली : काका, एव्हाना पिऊन झालं असतं. नुसता पेला धरून बसलायत.

काका : बाटलीवर बेरियम लिहिलंय, बाई. उंदराच्या औषधाच्या कारखान्यात जन्म गेला माझा. हेच पोत्यांनी उपसलंय. उंदीर पाय लुळे पडून मरायचे.

काकू : सकाळपासून हेच चाललंय. उपाशीपोटी जरा जास्तच चालतं यांचं.

एक्स-रेवाली : अहो, रोज कितीतरी जणांना पाजते मी हे.

काका : आमचं होतं कार्बोनेट. पोटातल्या आम्लात विरघळायचं. बेरियम सुटं झालं, रक्तात शिरलं, की स्नायू ऐकेनासे होतात.

काकू : आणि पेल्यात काय आहे?

काका : सल्फेट.

काकू : ते विरघळतं?

काका : नाही.

काकू : आम्लातसुद्धा?

काका : नाही गं. सल्फेट बेरियमला असं घट्ट धरून ठेवतं, की सुटं होऊच देत नाही. जसं आत जातं तसं बाहेर पडतं.

काकू : म्हणजे ठाऊक आहे सगळं. मग घाबरताय कशाला?

काका : फोटोला. घास अडकतो ना, माझ्या थोरल्या दादाचंही असंच सुरू झालं होतं, मग गाठ निघाली.

काकू : तेच माझ्याही मनात आहे. म्हणून तर ओढून आणलं. प्या आता.

एक्स-रेवाली : काकू, तुम्ही काचेपलीकडे उभ्या राहा. तिथून दिसतील. काका, घोट तोंडात धरा, मी सांगितलं की गिळा.

काका : खडू कालवल्यासारखं लागतंय.

एक्स-रेवाली : गिळा.

(थोड्या वेळाने, काचेपलीकडे. काकाही तिथे आले आहेत.)

एक्स-रेवाली : डॉक्टरांनी पडद्यावर नीट पाहिलं. गाठबिठ काही नाही. अन्ननलिका खालच्या टोकाला आखडते, म्हणून घास अडतो. गोळ्यांनी सैल होईल म्हणाले. या आत, ते समजावून सांगतील.

काका : ऐकलंस?

काकू : ऐकलं.

काका : मग रडतेस काय? उगाच तुझ्या जिवाला घोर लावला मी.

काकू : घोराचं सोडा. इतके दिवस तुमच्याबरोबर मीही सगळं पातळ करून खातेय. आज मला काहीतरी कडक चावून खायचंय.

काका : तू कशाला पातळ खात होतीस? तुला काय झालं होतं?

काकू : तुमच्यासमोर चावायला बरं वाटेना.