इरप्पा सरांच्या वहीतला शेरा

गेल्या स्पर्धेत माझा अख्खा लॉग गायब झाला, ते सांगितलं का तुम्हाला? हौशी रेडिओच्या स्पर्धेत कुणाकुणाशी बोललो, ते सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून नंतर पाठवायचं असतं. पाठवायची शेवटची संध्याकाळ, आणि स्क्रीनवर एकही नोंद दिसेना. घाबरून दुधनीच्या इरप्पा सरांना फोन लावला. रेडिओतला जाणता माणूस, पण आमची ओळख वर्षभराचीच.

सर शांतपणे म्हणाले, "तुमी डेटाबेस दुसराच उघडलाय. आदीची फाइल शोधा की."

फाइल सापडली, लॉग वेळेत पाठवला. शेजारीच पाच वर्षांपूर्वीच्या स्पर्धेची फाइल होती. सहज तिच्यात सरांचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळखखूण, टाकून पाहिलं, तर चक्क नोंद निघाली. स्पर्धेच्या घाईत नावगाव कोण विचारतो?

पुन्हा फोन केला. "सर, आपण पाच वर्षांपूर्वीच बोललोय."

"थांबा, वही बघतो." सर सगळं वहीतही उतरवतात. थोड्या वेळानं म्हणाले, "व्हय, हाय की. तुमच्यापुढं शेरा पण लिवलाय."

"काय लिहिलंय?"

"आवाज लई चांगला. समोरच्याचं ऐकून घेत न्हाय."