उजेडाचा पाट फुटला

उजेड पाण्यावानी वाहतो, हे मी आमच्या निमोण्यात सांगितलं तर एकानंबी विश्वास ठेवला न्हाई. माझी लेक सारिका पुण्यात त्याच्यावरच संशोधन करती. चिपवरच्या केसाहून बारीक पट्टीत उजेड पदार्थाशी एकजीव होतो आन् वाहत जातो. पण तिचा उजेड निम्म्यातच आटायचा. तिचे मार्गदर्शक ढवळे सर म्हणाले, "उजेड पुढं न्यायला तू पट्टीत दिलेला उतारच चुकलाय. तीन वर्षांचं काम टाकून दे."

तिनं घरी येऊन रडत चिपमधल्या उजेडाचा फोटो दाखवला. मी म्हटलं, "उतार चांगलाय. पाट फुटलाय. ही बघ, कडंनं गळती."

"आई, हे कांद्याचं वावर न्हाई गं."

"पाट तो पाटच. जाऊन बघ."

तिनं पुण्याला जाऊन चिप भिंगाखाली बघितली, तर कडंला चिमट्याचा ओरखडा! मी फोनवर इचारलं, "चिमटा लावला कुणी?"

ती हळूच म्हणाली, "पाहुण्यांना चिप दाखवताना... आमच्या ढवळे सरांनी."