सूर्याची पहिली शिफ्ट

लोकसहभाग म्हणजे काय, ते मला विचारा. खरवईपलीकडच्या पाड्यावर आमच्या संस्थेची सभा होती: कोणती ऊर्जा हवी, ते गावानेच ठरवायचं. गावाचा गोंधळ नको म्हणून संस्थेच्या सरांनी टेम्पोत फक्त सौरचुलीच भरल्या होत्या.

शुक्रवार, कारखान्यांना सुट्टी, म्हणून बायका घरी होत्या. माझ्या पाळणाघरवाल्या काकूही नेमक्या गावाला गेलेल्या, म्हणून माझी लेक मिनू कडेवर. सर म्हणाले, "हिचीच खिचडी सौरचुलीत लावा, लोकांचा विश्वास बसेल." एरवी मी मिनूचं पाणीसुद्धा दोनदा उकळते. पण त्या दिवशी दुसरा डबाही न घेता सरांवर विसंबले.

सभा संपत आली, तसं मिनूने भोकाड पसरलं. झाकण उघडलं, तर तांदूळ तसेच टणक. तेवढ्यात पाड्यावरच्या वंदनाताई उठल्या आणि घरून वरणभात घेऊन आल्या.

"कधी केलात हो?" सरांनी विचारलं.

"पहाटे. रोजची सवय. आम्ही सगळ्या एमआयडीसीत, पहिल्या शिफ्टला. तुमचा सूर्य कधी येतो कामावर?"

सर हसले. "मग तुम्हाला काय हवं?"

"रिक्षा स्टँडपर्यंत सौरदिवे. अंधारात चालतो आम्ही."

"छान सूचना! पण आज चुलीतच निवडायचंय. मोठी की लहान?"

मिनूला घास भरवत वंदनाताई म्हणाल्या, "लहान द्या. मॅडमच्या पोरीपुरती."

सगळ्या बायकांनी हात वर केले. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या गावाची ऊर्जा सध्या अंबरनाथला माझ्या गॅलरीत आहे. मिनूची खेळणी तीत छान मावतात.